संगणकाशी बुद्धिबळ : मुले खेळतात, पण विचार करतात का?

उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीच्या विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयातले दोन जुने संगणक बदलावे लागले, ते मी विहारात नेऊन ठेवले. टायपिंग शिकण्यापलीकडे त्यांचा फारसा उपयोग होईल असे कुणाला वाटले नव्हते. पण एका कार्यकर्त्याने त्यांच्यावर बुद्धिबळाचा मोफत प्रोग्राम टाकला आणि दुसऱ्याच रविवारपासून मुलांची रांग लागू लागली. त्या रांगेत आठवीतली एक मुलगी होती. तिने महिन्याभरात पहिली पातळी पार केली, दिवाळीपर्यंत चौथी. वस्तीत बातमी झाली की, पोरगी कॉम्प्युटरला हरवते. आम्हीही हुरळलो. वर्गणी काढून तिला एका जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेला पाठवले, मी स्वतः सोबत गेलो. पहिल्याच फेरीत ती हरली.

कशी हरली ते सांगतो, कारण या लेखाचा विषय तोच आहे. डाव बरोबरीत चालला होता. हिने घोड्याला हात लावला, उचलला, आणि मग लक्षात आले की हा घोडा मागच्या ओळीतले एक घर राखून होता. तो हलला की समोरच्या हत्तीची सरळ मात. तिने घोडा परत जागेवर ठेवला. समोरच्या मुलाने पंचांना बोलावले. ज्या मोहऱ्याला हात लावला तोच चालवायचा, हा स्पर्धेचा नियम. बरे, घोड्याची गंमत अशी की एक चाल चालला की आधी राखलेले एकही घर तो राखू शकत नाही. पांढऱ्या घरावर उभा असताना तो काळी घरे राखतो आणि काळ्यावर गेला की पांढरी. त्यामुळे सुटका नव्हती. पुढच्या चालीला मात झाली. परतीच्या ऑटोत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, तिथं चाल वापस घ्यायची बटनच नव्हती."

पुढच्या रविवारी मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो. तिने संगणकाविरुद्ध एक डाव जिंकला. त्या एका डावात तिने अकरा वेळा चाल मागे घेतली होती. चूक तिची नव्हती. आम्ही मोठ्यांनी कधी पाहिलेच नव्हते की मुले खेळतात म्हणजे नेमके काय करतात.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, जुलै २०२५ मध्ये आमच्याच शहरातील दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिने कोनेरू हम्पीसारख्या अनुभवी खेळाडूला टायब्रेकमध्ये हरवले आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. वय वर्षे एकोणीस. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला होता. साहजिकच घरोघरी बुद्धिबळाची चर्चा आहे. वस्तीतले पालक मला थांबवून विचारतात, "वकीलसाहेब, पोराले मोबाईलवर बुद्धिबळ खेळू देऊ का? डोकं तेज होते म्हणतात." दुसरीकडे शिकवणीवाल्यांची पत्रके दारात पडू लागली आहेत. बुद्ध्यांक वाढेल, गणित सुधारेल, स्पर्धा परीक्षेला उपयोग होईल, अशी आश्वासने त्यांत आहेत. ऑटो चालवणारा बाप महिन्याचे हजार-दोन हजार रुपये कशावर खर्च करायचे ते अशा पत्रकावरून ठरवणार असेल, तर त्यातला खरा भाग किती हे कुणीतरी तपासून सांगितले पाहिजे.

तपासले तर उत्तर पालकांना आवडणारे नाही. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळा घेऊन एक मोठा प्रयोग झाला, त्याचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांतील मुलांना शाळेच्या वेळात तीस तासांपर्यंत बुद्धिबळ शिकवले, उरलेल्या शाळांतील मुलांना नाही. एक वर्षाने गणित, वाचन आणि विज्ञानाच्या परीक्षांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. आर्मेनिया या देशाने २०११ पासून प्राथमिक शाळेत बुद्धिबळ सक्तीचे केले, तमिळनाडूनेही शाळांतून ते नेले. त्यातून खेळाडू तयार होतात, यात शंका नाही. पण बुद्धिबळ आले म्हणून त्रैराशिक आपोआप आले, असे होत नाही. ज्या पत्रकात तसे छापले आहे ते पत्रक खोटे बोलते.

मग आम्ही विहारातले संगणक बंद का केले नाहीत? याचे उत्तर देण्याआधी यंत्राने काय दिले हे मान्य करावे लागेल, कारण ते थोडे नाही.

बुद्धिबळ शिकायला सगळ्यात आधी काय लागते? पुस्तक नव्हे, प्रशिक्षकही नव्हे. आपल्यापेक्षा थोडा बरा खेळणारा प्रतिस्पर्धी लागतो. तो रोज मिळावा लागतो आणि त्याला आपल्याशी खेळण्याची इच्छा असावी लागते. इथेच आजवर गरिबाचे घोडे अडत आले. मीर सुलतान खान यांचे उदाहरण घ्या. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील एका खेड्यातला हा माणूस. वडिलांकडून तो देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकला, ज्यात प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जात नाही. सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराच्या पदरी तो राहिला, त्याच्याबरोबर १९२९ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुढे १९३२ आणि १९३३ साली पुन्हा जिंकले. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. परक्या नियमांचा खेळ त्याने काही वर्षांत आत्मसात केला होता. पण मालक भारतात परतला तेव्हा त्यालाही परतावे लागले आणि मोठ्या स्पर्धांतली त्याची कारकीर्द तिथेच संपली. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली, मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. बुद्धी कुणाच्या घरात जन्म घेते याबद्दल ज्यांचे काही पक्के समज आहेत त्यांनी हा माणूस जरूर वाचावा. पण मला इथे वेगळे सांगायचे आहे. सुलतान खानला तोलामोलाचे प्रतिस्पर्धी मिळाले ते एका धनिकाच्या मर्जीने, आणि मर्जी फिरताच तेही गेले.

आमच्या विहारातल्या मुलीला कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. जगातल्या सर्वात बलवान इंजिनांपैकी एक असलेले स्टॉकफिश मोफत आहे, त्याचा अंतर्गत मजकूरही कुणालाही वाचायला खुला आहे. लीचेस हे संकेतस्थळ फ्रान्समधील एक ना-नफा संस्था चालवते. तिथे पैसे नाहीत आणि जाहिरातीही नाहीत. संगणकाशी खेळायच्या आठ पातळ्या, हवी तितकी कोडी, झालेल्या डावाची तपासणी, सगळे फुकट. लुकास चेस नावाचा प्रोग्राम जुन्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालतो. लहान मुलांसाठी जर्मनीत २००२ साली 'फ्रिट्झ उंड फेर्टिग' नावाचा खेळ निघाला. त्यात एका राजपुत्राला शेजारच्या काळ्या राजाशी लढायचे असते आणि तो प्रत्येक मोहरा छोट्या छोट्या खेळांतून शिकतो. तो विकतचा आहे, पण त्यातली पद्धत उचलायला पैसे लागत नाहीत. आम्हीही नव्या मुलांना आधी नुसत्या प्याद्यांची लढाई खेळायला लावतो. पडद्यापलीकडचा प्रतिस्पर्धी आडनाव विचारत नाही, कंटाळत नाही, हरल्यावर रागावत नाही. बाप रात्री नऊला ऑटो लावून घरी आला की त्याचा मोबाईल अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात पोरगी जगातल्या कुणाशीही खेळू शकते. एका पिढीपूर्वी हे आपल्याला मिळाले असते तर, असे माझ्या मनात अनेकदा येते.

मात्र हा प्रतिस्पर्धी विचार करत नाही, तो मोजतो, हे मुलांना सांगावे लागते. पहिल्या चालीला पांढऱ्याकडे वीस पर्याय असतात. दोघांची एकेक चाल होईपर्यंत चारशे प्रकार झालेले असतात. पुढे ही संख्या कुठल्या कुठे जाते. क्लॉड शॅनन या शास्त्रज्ञाने १९५० सालच्या लेखात अंदाज मांडला होता की, सगळे संभाव्य डाव मोजायचे तर एकावर एकशेवीस शून्ये द्यावी लागतील. १९९७ साली न्यूयॉर्कला कास्पारोव्हला हरवणारे डीप ब्ल्यू हे यंत्र एका सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत होते. माणूस असे काही करत नाही. आद्रियान द ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात श्रेष्ठ खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावून हे तपासले. ग्रँडमास्टर सामान्य खेळाडूपेक्षा फार पुढचे पाहतात असे त्याला दिसले नाही. ते नेमक्या योग्य जागी पाहतात, असे दिसले. पुढे १९७३ साली चेस आणि सायमन या दोघांनी अमेरिकेत दाखवून दिले की, खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती जवळपास जशीच्या तशी मांडतो. मोहरे वाटेल तसे फेकून मांडले तर त्याची स्मृती नवशिक्याइतकीच निघते. म्हणजे ती काही जन्मजात दैवी स्मरणशक्ती नव्हे, हजारो डावांच्या अभ्यासातून आलेली ओळख आहे. आणि ती बुद्धिबळापुरतीच आहे. शंभर शाळांच्या प्रयोगात गणिताचे गुण का वाढले नाहीत, याचे कारण बहुधा इथेच असावे.

आता मोबाईलवर खेळणाऱ्या मुलाकडे पाहा. अडले की सूचनेचे बटण. चुकले की मागे. हरू लागला की डाव सोडून नवा. एका मिनिटाच्या डावात तर विचाराला जागाच नसते, नुसती बोटे पळतात. यंत्र सांगते की ही चाल सर्वोत्तम. का, ते सांगत नाही, एक आकडा दाखवते. मुलगा चाल पाठ करतो आणि आपल्याला समजले असे मानतो. गुकेशचे उदाहरण इथे पालकांनी ध्यानात घ्यावे. बाराव्या वर्षी ग्रँडमास्टर होईपर्यंत त्याच्या प्रशिक्षकाने त्याला इंजिनापासून मुद्दाम दूर ठेवले होते. ज्याला जगातले कोणतेही यंत्र मिळू शकत होते, त्याला ते दिले नाही. आधी स्वतःच्या डोक्याने चुका करू दिल्या. आपण मात्र सातवीतल्या पोराला थेट यंत्रापुढे बसवतो आणि तो गप्प बसला आहे यातच समाधान मानतो.

यंत्राच्या आधाराने माणूस कुठवर घसरतो तेही आपल्या देशाने पाहिले आहे. टोपीत ब्ल्यूटूथ लपवून बाहेरून चाली ऐकणाऱ्या एका खेळाडूला २००६ साली दहा वर्षांची बंदी झाली होती. मुलांना हा किस्सा फार आवडतो, पण सांगितल्यावर "मग सर, हिंट घेणं पण तेच ना?" असा प्रश्न एकाने विचारला. मी वकील असूनही मला लगेच उत्तर देता आले नाही.

यंत्र फेकून द्या असे मी म्हणत नाही. २००५ साली एक स्पर्धा झाली, तिच्यात माणूस आणि संगणक मिळून खेळण्याची मुभा होती. ग्रँडमास्टर आणि बलाढ्य संगणक असलेले संघ तिच्यात उतरले होते. जिंकले ते अमेरिकेतले दोन हौशी खेळाडू, तीन साधे संगणक घेऊन. कोणत्या स्थितीत कोणत्या यंत्राला काय विचारायचे, याची त्यांनी नीट पद्धत बसवली होती. प्रश्न विचारण्याची ती पद्धत मुलांना कोण शिकवणार, एवढाच मुद्दा आहे.

स्पर्धेतल्या त्या पराभवानंतर आम्ही विहारात काही गोष्टी बदलल्या. सकाळचा पहिला तास लाकडी पटावर, संगणक बंद. हात लावला की चालवायचे. चाल करण्याआधी समोरच्याला काय हवे आहे ते एका वाक्यात मोठ्याने बोलायचे. सुरुवातीला मुलांना हे फार जड गेले. आपल्याला काय हवे ते सगळ्यांना सांगता येते. समोरच्याला काय हवे हे पाहायला मन तयार नसते. वकिलीत पहिली काही वर्षे माझेही असेच झाले. आपल्या अशिलाची बाजू तोंडपाठ आणि समोरच्या वकिलाने उलटतपासणीत एक कागद पुढे केला की घाम. माझे ज्येष्ठ मला सांगत, आधी समोरच्याचा दावा तू स्वतः लिहून काढ. मुलांना आम्ही तेच करायला लावतो, डाव अर्ध्यावर थांबवून पट फिरवतो, पांढऱ्याने काळा व्हायचे. डाव वहीत लिहायचा. घरी मोबाईलवर खेळायचे, पण मागे घेण्याचे बटण बंद करून. यंत्राला विचारायचे ते सर्वात शेवटी, आणि तेही आपली चूक कुठे झाली हे आधी वहीत लिहून झाल्यावर. पुष्कळदा मुले एक जागा दाखवतात आणि यंत्र दुसरीच. तिथे खरी चर्चा रंगते.

आणि पटावरचे पटाबाहेर आपोआप जात नसेल, तर ते हाताने न्यावे लागेल. एका रविवारी आम्ही पट बाजूला सारून महाडचे प्रकरण मांडले. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी घेतले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, हजारो माणसे निघण्याच्या तयारीत. तोच विरोधकांनी दिवाणी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. मुलांना विचारले, आता तुमची चाल. बहुतेक म्हणाले, "हुकूम मोडायचा, तळ्यावर जायचं." मग विचारले, समोरच्याला काय हवे आहे? बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी एक मुलगा म्हणाला, "त्यांना आपण हुकूम मोडायलाच पाहिजे आहे. म्हणजे पोलीस त्यांच्या बाजूने होतील." तिथून मुलांची गाडी रुळावर आली. परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले, तळ्याचा सत्याग्रह मात्र पुढे ढकलला आणि लढाई न्यायालयात नेली, जी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकली. दहा वर्षे. मिनिटाचा डाव खेळणाऱ्या मुलांना हा आकडा काही केल्या पटत नव्हता. हाच तास केवळ व्याख्यान म्हणून घेतला असता तर अर्धी मुले पेंगली असती, हे मी अनुभवाने सांगतो.

जाता जाता एक आक्षेप नोंदवतो. आमच्या विहारातील एका वयोवृद्ध उपासकांनी विचारले होते की, बुद्धाने असले खेळ वर्ज्य सांगितले नाहीत का? प्रश्न रास्त होता. ब्रह्मजालसुत्तात अट्ठपद आणि दसपद, म्हणजे आठ-आठ आणि दहा-दहा घरांच्या पटावरचे खेळ, श्रमणाने टाळायच्या गोष्टींत सांगितले आहेत. पण ते भिक्खूच्या आचाराबद्दल आहे, गृहस्थाच्या मुलांबद्दल नाही, आणि आजचे बुद्धिबळ तेव्हा नव्हते. त्यांना हे पटले की नाही ठाऊक नाही. हल्ली ते रविवारी खुर्ची घेऊन पटाजवळ बसतात आणि अधूनमधून मुलांना चाली सांगतात, त्याचा त्रासच होतो.

खर्चाचे बोललेच पाहिजे. मोफत आहे ते पडद्यावर. तिथून उठून स्पर्धेच्या टेबलापर्यंत जायला प्रवेश फी लागते, दुसऱ्या गावचे भाडे लागते, सोबत जाणाऱ्या पालकाची दोन दिवसांची मजुरी बुडते. घड्याळ लावून खेळायची सवय लागते आणि बुद्धिबळाचे घड्याळ आमच्याकडे परवापर्यंत नव्हते. आपली मुले पडद्यावर चमकतात आणि सभागृहात दिसत नाहीत, ती इथे गळतात. जयंतीच्या वर्गणीतून आम्ही यंदा चार पट आणि दोन घड्याळे घेतली. कुरकुर झाली, डीजेचा एक तास कमी झाला म्हणून तरुण मंडळी नाराज होती. इतर विहार समित्यांनी आमच्यापेक्षा मोठी रक्कम काढायला हरकत नाही. आणि दोन-चार वस्त्यांनी मिळून महिन्यातून एकदा मुलांचे सामने ठेवले, तर भाड्याचा प्रश्न निम्मा सुटतो. यासाठी कुठल्या अकादमीची गरज नाही. नियम जाणणारा एक कार्यकर्ता आणि दोन सतरंज्या पुरतात.

ती मुलगी आता नववीत आहे. मागच्या महिन्यात ती पुन्हा एका स्पर्धेत खेळली. पाच फेऱ्यांत दोन डाव जिंकली, एक बरोबरीत सोडवला, दोन हरली. बक्षीस मिळाले नाही. परत आल्यावर मी तिची वही मागितली. हरलेल्या शेवटच्या डावाखाली तिने लिहिले होते : "मला वाटलं ती घोडा चालेल. तिने उंट चालला. उंटाचं घर मी पाहिलंच नाही, कारण मी माझ्याच वजिराकडे पाहत होती." यंत्राला तिने अजून विचारलेले नव्हते.